नावाडी बुडाल्यानंतर

“पण कागद बघून तुम्हाला काय कळलं?” शेवडे बाईंनी विचारलं.

विराज ढमढेरेनं हातातल्या गठ्ठ्याकडं पुन्हा पाहिलं. जाड, पिवळसर कागद. शाईचा थेंब नाही. नुसते उठलेले ठिपके.

“चोवीस पानं आहेत. मी चाचणीला चोवीसच पाठवली होती.”

“ते मोजून कळलं. बघून काय कळलं?”

त्यानं गठ्ठा उलटा करून पाहिला.

कऱ्हाडच्या अलीकडं माळावर ही संस्था आहे. अंध वाचकांसाठी ब्रेलमध्ये पुस्तकं छापायची आणि टपालानं गावोगावी पाठवायची, एवढंच तिचं काम. शेवडे बाई जन्मापासून अंध. इथं त्यांनी चौतीस वर्षं छापलेली पानं तपासली. प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जायचं आणि मगच त्याचं पुस्तक व्हायचं.

सहा महिन्यांपूर्वी नवं यंत्र आलं. कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करायचं. ब्रेलमध्ये रूपांतर आपोआप, छपाईही आपोआप. पुण्याच्या एका कंपनीचं यंत्र. ते बसवायला विराज आला होता. वय तिशीचं, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे ठाऊक असलेला.

पहिल्याच दिवशी त्यानं विश्वस्तांना सांगितलं होतं, “आता शेवटची तपासणी लागणार नाही. कॉम्प्युटरमध्ये बरोबर असेल तर कागदावर बरोबरच येणार.”

विश्वस्तांना ते पटलं. बाईंची खुर्ची छापखान्यातून उचलून ग्रंथालयात ठेवली गेली.

मग एक दिवस बाईंनी कपाटातलं एक नवं पुस्तक सहज वाचायला घेतलं. दुसऱ्या प्रकरणानंतर चौथं प्रकरण लागलं. तिसरं बरंच पुढं कुठंतरी होतं.

त्यांनी ऑफिसात सांगितलं. ऑफिसानं विराजला फोन केला.

तो आला आणि केबल बदलून गेला. पुन्हा तक्रार गेली. तो पुन्हा आला, सगळं सॉफ्टवेअर नव्यानं भरून गेला. दोन्ही वेळा त्यानं तीन चाचणी पानं पाठवून पाहिली. तिन्ही बाहेर आली. दुसऱ्या खेपेला त्यानं लेखी अहवाल दिला. यंत्र निर्दोष आहे, चालवणाऱ्याकडून फाइली चुकीच्या क्रमानं पाठवल्या जात आहेत.

चालवणारी म्हणजे निर्मला जगदाळे. टायपिंग तिचं, छपाई तिची, पानं शिवून पुस्तक बांधायचं तेही तिचंच. ब्रेल तिला येत नव्हतं. तिच्या आधीच्या माणसालाही येत नव्हतं. बाई होत्या तोवर कुणाचं अडलं नव्हतं. अहवालानंतर ऑफिसानं तिला कागद दिला की, पुन्हा असं झालं तर काम सोडावं लागेल.

आज विराजची तिसरी खेप होती. निर्मला छापखान्याच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी बसून होती. तो आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

“यंत्र चुकत नाही, बाई,” विराज म्हणाला. “माझ्याकडं सगळी नोंद आहे. कोणती फाइल किती वाजता गेली, सेकंदासकट. एक, दोन, तीन, चार… सगळ्या क्रमानं गेल्यात.”

“क्रमानं गेल्या.”

“हो.”

“मग निर्मलाची चूक कोणती?”



“बांधताना होत असेल,” विराज म्हणाला.

“कागद सलग येतो. जोडलेला. पान पानाला चिकटून.” बाईंनी त्याच्या हातातल्या गठ्ठ्याची घडी बोटानं दाखवली. “ती जसा पडेल तसा फाडते आणि शिवते. त्यात मागंपुढं कसं करणार?”

विराजनं घडी उलगडून जोड पाहिला.

“म्हणजे गेलं क्रमानं. आलं कसं, ते तुम्ही पाहिलेलं नाही.”

“पाहिलं ना! तीन वेळा पाहिलं.”

“मोजलंत.”

विराजचा आवाज जरा चढला. “बाई, मी ह्या यंत्रांवर सात वर्षं काम करतोय. सहा राज्यांत बसवलीत. ब्रेल येण्याचा आणि यंत्र दुरुस्त करण्याचा काही संबंध नाही.”

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मग त्यांनी पदराखालच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला.

“हे आज सकाळच्या टपालानं आलं.”

त्यानं घडी उलगडली. ठिपके. हातानं टोचलेले, काही ठळक, काही पुसट.

“हे मला वाचता येत नाही.”

“माहीत आहे.”

“तुम्ही वाचून दाखवा की.”

“वाचून दाखवलं तर ऐकाल,” बाई म्हणाल्या. “वाचा.”

“कसं वाचू? मला…”

“सहा जागा असतात. डावीकडं तीन, उजवीकडं तीन. त्यात कुठं ठिपका आहे ते सांगत जा. मी अक्षर सांगते.”

विराजनं घड्याळात पाहिलं. सव्वाअकरा. चारला त्याला साताऱ्यात दुसरीकडं पोचायचं होतं. त्यानं निर्मलाकडं पाहिलं. ती पडद्याकडंच पाहत होती.

त्यानं कागदावर बोट ठेवलं. बोटाला नुसता खडबडीतपणा लागला. आपलं बोट कुठल्या ओळीवर आहे हेही त्याला कळेना.

“डोळ्यांनी वाचा,” बाई म्हणाल्या. “बोटाला वर्ष लागेल. तेवढा वेळ ह्या पत्राला नाही.”

तो ओशाळला. कागद घेऊन खिडकीशी गेला. उजेड आडवा पडला तसे ठिपके सावल्यांसकट वर आले.

“डावीकडं वर एक, मधे एक.”

“ब.”

“मग… डावीकडं खाली एक, उजवीकडं वर आणि मधे.”

“आ. म्हणजे ‘बा’. काना वेगळा लिहितात. पुढं?”

“डावीकडं मधे एक आणि… खाली. नाही, ते उजवीकडं आहे.”

“नीट बघा.”

“डावीकडं खाली, उजवीकडं मधे.”

“ई. ‘बाई’.”

पहिल्या ओळीला वीस मिनिटं लागली. निर्मला उठली आणि तिनं एक वही नि पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली. तो ठिपक्यांची आकृती काढायचा, पुढं अक्षर लिहायचा. तेच अक्षर पुन्हा आलं की वहीत शोधायचा.

“डावीकडचे तिन्ही.”

“ल.”

“वरचा आणि खालचा. मधला नाही.”

“क.”

तासाभरानं तो बाईंना कमी विचारू लागला. दीडच्या सुमारास निर्मलानं डबा उघडला आणि एक पोळीभाजी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं ती खाल्ली का नाही, हे नंतर त्याला आठवेना. त्याच्या वहीत एकेक शब्द उतरत होता आणि त्याच्या तोंडून आवाज यायचा बंद झाला होता.

शेवटचा शब्द लिहून झाला तेव्हा अडीच वाजले होते.

“झालं?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“वाचा आता.”

विराजनं वहीतून वाचायला सुरुवात केली.

“बाईंस सप्रेम नमस्कार. कादंबरी मिळाली. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचणार नाही. नावाडी बुडाला. त्याचं तेरावं झालं. बायको माहेरी गेली. आणि पुढं पाहतो तो नावाडी नावेला डांबर लावत बसलाय. मला वाटलं बोट घसरलं. मागं गेलो. बोट बरोबर होतं. म्हणजे डोकं…”

तो थांबला.

बाई वाट पाहत राहिल्या.

“…म्हणजे डोकं गेलं. आमच्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. मेलेल्या माणसांशी बोलायचे. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. सून चांगली आहे, घाबरेल. खुर्च्या विणायचं काम थांबवलं. गिऱ्हाइकाचा वेत वाया जायला नको. यापुढं मला पुस्तकं पाठवू नयेत. ज्याचं डोकं शाबूत आहे त्याला द्यावीत. आजवर पुष्कळ वाचायला दिलंत. रघुनाथ आवळे.”



“कोण आहेत हे?” विराजनं विचारलं.

“वाचक. पाटणच्या बाजूला असतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तरुणपणापासून कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणत आलेत.”

“तुम्ही भेटलाय त्यांना?”

“कधीच नाही. सव्वीस वर्षं पत्रं आहेत.”

विराज वही धरून बसला. मग एकदम उठला.

“त्यांना आत्ता फोन करू. नंबर असेल ना?”

“फोन सुनेकडं असतो.”

तो पुन्हा बसला.

“नावाडी कितव्या प्रकरणात बुडतो?” त्यानं विचारलं.

“चौथ्यात,” निर्मला म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “मीच टाइप केलंय. तेराव्या दिवशी बायको ते सगळं आठवते. डांबर लावतो ते तिसऱ्यात.”

“आणि प्रकरणांना आकडे?”

“ह्या पुस्तकात नाहीत. लेखकानं नुसती जागा सोडलीय. फाइलींना मी आकडे दिलेत, पण ते कॉम्प्युटरमधेच राहतात. कागदावर उमटत नाहीत. पानांचे आकडेही दर फाइलीला एकपासून.”

विराजनं बाह्या वर केल्या.

“निर्मलाताई, ती कादंबरी पुन्हा छापा. तुम्ही रोज पाठवता तशीच. मी कशालाही हात लावत नाही.”

निर्मलानं नऊ फाइली पाठवल्या, एकामागून एक. पडद्यावर नऊ ओळी क्रमानं आल्या.

विराज पडद्याकडं गेला नाही. यंत्राच्या मागं जिथं कागद घडी होत पडतो, तिथं जमिनीवर मांडी घालून बसला. शेजारी वही. निर्मलानं त्याला प्रत्येक प्रकरणाचा पहिला शब्द सांगितला होता आणि तो त्यानं ठिपक्यांत काढून ठेवला होता.

यंत्र खडखडू लागलं.

“घाटावर,” त्यानं वाचलं. पहिलं प्रकरण.

कागद पडत राहिला. बऱ्याच वेळानं, “सकाळी.” दुसरं.

आता “नावेला” यायला हवं होतं.

तो कागदावर वाकला. डावीकडं मधे एक, खाली एक… उजवीकडं वर, मधे. वही पाहिली. पुन्हा कागद पाहिला.

“तेराव्या,” तो म्हणाला. “तेराव्या दिवशी.”

चौथं.

बाई दारात उभ्या होत्या. 

विराज उठून पडद्यापाशी आला. तिथं तिसऱ्या ओळीपुढं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘रूपांतर चालू’. चौथी ओळ, ‘छपाई चालू’. पाचवी ओळ, ‘तयार’. तिसरं प्रकरण सगळ्यांत मोठं होतं. त्यात लांबलचक तळटीपाही होत्या. त्याचं ब्रेल तयार व्हायला वेळ लागत होता, तोवर मागची दोन लहान प्रकरणं तयार होऊन पुढं निघून गेली होती. रांगेत शिरली क्रमानं, पण बाहेर पडताना जो आधी तयार तो आधी.

त्याची चाचणी पानं, आधीची तीन आणि आजची चोवीस, सगळी सारख्या लांबीची होती. ती कधीच मागंपुढं झाली नसती.

त्यानं यंत्राची मांडणी उघडली. एका चौकटीत बरोबरची खूण होती. समोर लिहिलेलं होतं, ‘तयार होताच छापा’.

“ही खूण कुणी केली?” निर्मलानं विचारलं.



“मी,” विराज म्हणाला. “विश्वस्त आले होते त्या दिवशी. यंत्र मधेच थांबून राहिलं असतं तर बरं दिसलं नसतं.”

त्यानं खूण काढली. नऊ फाइली पुन्हा पाठवायला सांगितल्या आणि पुन्हा जमिनीवर जाऊन बसला. ह्या वेळी दुसऱ्या प्रकरणानंतर यंत्र थांबलं. नुसतं गुरगुरत राहिलं. चार मिनिटं, पाच मिनिटं… मग कागद हलला.

“नावेला,” विराज म्हणाला.

त्यानं नऊही प्रकरणं अशीच पाहिली. साताऱ्याला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं.

“आता हळू चालेल, बाई,” तो म्हणाला. “मोठ्या पुस्तकाला तासभर जास्त लागेल.”

“रघुनाथराव एक पुस्तक पंधरा दिवस वाचतात,” बाई म्हणाल्या.

त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला, जुना अहवाल उघडला, आणि तो पुसून नवा लिहायला घेतला. लिहून झाल्यावर आपण होऊन मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात होतं की, यंत्र बसवणाऱ्यानं चुकीची मांडणी ठेवली होती, चालवणाऱ्याचा दोष नाही. खाली स्वतःचं नाव. निर्मलानं त्याची प्रत काढली, दोन्ही हातांनी घेतली आणि सरळ ऑफिसकडं चालू लागली.

विराजनं खुर्चीत अंग टाकलं. त्याला एकदम हलकं वाटलं.

“सुटलं,” तो म्हणाला.

“काय सुटलं?”

“हे सगळं. नवी प्रत रघुनाथरावांना उद्या टपालात टाकू. संपलं.”

बाई त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसल्या.

“ह्या यंत्रावर आजवर किती पुस्तकं बाहेर गेली?”

त्यानं नोंद पाहिली. “बेचाळीस प्रती.”

“पत्र एकाचं आलं.”

“हो.”

“ज्यांनी लिहिलं नाही, त्यांचं काय?”

विराजचा चेहरा हळूहळू उतरला. बेचाळीस घरं. कुठं कोण बोट मागं नेत असेल, पुन्हा पुढं आणत असेल… आणि कुणाला सांगत नसेल.

“मला सुचलंच नाही,” तो म्हणाला.

“मलाही आज सकाळपर्यंत सुचलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

त्या रात्री तो संस्थेच्याच पाहुण्यांच्या खोलीत राहिला. सकाळी त्यानं आणि निर्मलानं मिळून पत्ते काढले. एक छोटं पत्र टाइप केलं, बेचाळीस वेळा छापलं. पुस्तकाचा क्रम चुकलेला असू शकतो, प्रत परत पाठवावी, दुसरी मिळेल. प्रत्येक पत्राची पहिली ओळ बाईंनी बोटाखालून घातली.

एक पत्र त्यांनी बाजूला काढलं.

“हे नको. रघुनाथरावांना तू हातानं लिही.”

काल दिवसभर त्या त्याला तुम्ही म्हणत होत्या. त्यानं वर पाहिलं.

“मी? मला लिहिता कुठं येतंय?”

“त्यांनी हातानं लिहिलंय.”

बाईंनी ब्रेलची पाटी त्याच्यापुढं ठेवली. दोन पत्र्यांमधे कागद धरायचा, वरच्या पत्र्यातल्या चौकोनी भोकांतून टोकदार लेखणीनं ठिपके टोचायचे. वही जवळ होतीच. विराज वाकून बसला. अर्ध्या तासानं दोन ओळी झाल्या. कागद काढून त्यानं बाईंच्या हातात दिला.

बाईंचं बोट फिरलं.

“हे काय आहे?”

“रघुनाथरावांस नमस्कार.”

“नाही.”

त्यानं वही तपासली. “प्रत्येक ठिपका बरोबर आहे, बाई. मी दोनदा पाहिलं.”

“कुठून टोचलंस?”

“वरून.”

“ते वाचणार कुठून?”

विराजनं कागद उलटा केला. टोचलेल्या प्रत्येक खड्ड्याचा पलीकडं उंचवटा झाला होता. डावं ते उजवीकडं गेलं होतं, शेवट सुरुवातीला आला होता. त्याची ओळ पहिल्या अक्षरापासून आरशात पडल्यासारखी झाली होती.

“म्हणजे उजवीकडून लिहायचं? प्रत्येक अक्षर उलटं?”

“तुझ्या बाजूनं उलटं.”

त्यानं नवा कागद लावला.

ह्या वेळी खूप वेळ लागला. प्रत्येक अक्षर तो आधी वहीत पाहायचा, मग मनात पालटायचा, मग टोचायचा. पहिल्या मसुद्यात ‘काही तांत्रिक कारणामुळे’ असे शब्द होते. बाईंनी तिथं बोट थांबवलं.

“हे कोण बोलतंय?”

“…कंपनी.”

“तिला लिहायचंय का?”

त्यानं कागद फाडला. दुपारी दोनपर्यंत एक पत्र तयार झालं. वाकडंतिकडं, एका जागी कागद जवळजवळ भोसकलेला. त्यात एवढंच होतं:

‘रघुनाथरावांस नमस्कार. तुमचं डोकं ठीक आहे. पुस्तकाचा क्रम चुकला होता. तो मी चुकवला. नावाडी आधी डांबर लावतो, मग बुडतो. नवी प्रत पाठवत आहे. विराज ढमढेरे.’

बाईंनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदोनदा बोट रेंगाळलं. मग त्यांनी घडी घातली.

“पत्र आज जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पुस्तक बांधून झालं की मागून जाईल.”

विराज पुण्याला गेला. पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली. निर्मलाला दिलेला कागद ऑफिसानं परत घेतला. छापून आलेलं पान पुन्हा बाईंच्या बोटाखालून जाऊ लागलं. त्यासाठी खर्च किती, वेळ किती, यावर थोडी वादावादी झाली आणि मिटली. बेचाळीसपैकी एकोणतीस जणांनी प्रती परत पाठवल्या. एकीनं सोबत लिहिलं होतं की, बरं झालं कळवलंत. दुसरं काही लिहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी निर्मलानं विराजला फोन केला.

“तुमच्या नावानं पत्र आलंय. ब्रेलमध्ये आहे. बाई म्हणतात, त्या उघडणार नाहीत.”

त्या खेपेला त्याचं तिकडं काही काम नव्हतं. तरी शनिवारी सकाळच्या एसटीनं तो आला. ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून त्यानं पत्र उघडलं. वही काढली, पण ती फारशी लागली नाही.

बाई शेजारी बसल्या होत्या.

तो सावकाश वाचू लागला.

“ढमढेरे यांस नमस्कार. पत्र पोचलं. तुमचं पत्र म्हणजे पहिलीतल्या पोराचं अक्षर आहे. त्यात तीन चुका आहेत. नमस्कारातला म राहिलाय. डोकंच्या जागी डोलं झालंय, एक ठिपका जास्त पडला. बुडतोच्या जागी कुडतो. तिन्ही मला पहिल्याच वाचनात सापडल्या. जेवताना सुनेला सगळं सांगितलं, आधीचंही. ती आधी रडली, मग कुडतो ऐकून हसली. पुस्तक अजून आलेलं नाही. घाई नाही. उद्या वेत भिजत घालतो. मामलेदार कचेरीच्या सहा खुर्च्या अडून राहिल्या आहेत. रघुनाथ आवळे.”

विराजनं पत्र मांडीवर ठेवलं. त्याचे कान तापले होते, आणि त्याला हसूही येत होतं. दोन्ही एकदम कसं होतंय हे त्यालाच कळेना.

“तीन चुका,” तो म्हणाला.

“हं.”

“तुम्ही पाठवण्याआधी वाचलं होतंत.”

“वाचलं होतं.”

“मग तुम्हाला त्या दिसल्या… म्हणजे, सापडल्या असतील.”

“सापडल्या.”

“सांगायचं ना, बाई! मी पुन्हा लिहिलं असतं. पन्नास वेळा लिहिलं असतं.”

बाईंनी हात पुढं केला. त्यानं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांचं बोट पहिल्या ओळीवर टेकलं, ओळीओळीनं खाली आलं, आणि वेतापाशी येऊन थांबलं.

“लिहायचं तुला होतं,” बाई म्हणाल्या. “वाचायचं त्यांना होतं.”